सात किलोंतला कॉम्प्युटर

॥ श्री ॥

अल मनखूल, दुबई
१२ जानेवारी २०२५

ती. दादांना,
शोभनाचा सा. न. वि. वि.

खालच्या मजल्यावरचा विल्फ्रेड उद्या वसईला निघतोय, म्हणून घाईघाईने लिहितेय. ह्यांनी इतकी वर्षं तुम्हाला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पत्रं धाडली, ती रीत मोडायला नको. शिवाय तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मला सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रडता येत नाही.

ह्यांना जाऊन तीन महिने झाले. मी शाळेच्या ऑफिसात पुन्हा जाऊ लागले आहे. वेदांगची दहावी होईपर्यंत इथे कसंबसं निभेल, पुढचं पुढे बघू. खरी काळजी त्या मुलाची आहे. जेवतो, अभ्यास करतो, विचारलं तर इंग्रजीत एका शब्दात उत्तर देतो. बाबांचं नाव निघालं की उठून जातो. अजून एकदाही रडला नाही.

तुम्हाला विचारायचं आहे ते कॉम्प्युटरबद्दल. बापलेक मिळून गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवत होते, पगार झाला की एकेक भाग. कॅबिनेट, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, रॅम आणि डिस्क घेऊन झाले होते. कॅबिनेटवरूनच भांडण झालं. वेदांगला काचेचं, आत दिवे लागणारं मोठं हवं होतं. ह्यांनी काळं, डब्याएवढं लहानसं आणलं. वेदांगने नको नको ते बोलून घेतलं. तुम्ही कंजूस आहात, असला भिकारडा डबा मला नको, मी हात लावणार नाही, असं. दुसऱ्या दिवशी पहाटे हे कंपनीच्या बसने जबल अलीला निघाले तेव्हा हा जागा होता, पण दार उघडलं नाही. आणि गोदामातून ह्यांना हॉस्पिटलातच नेलं, ते तुम्ही जाणताच.

तेव्हापासून ते खोके पलंगाखाली पडून आहेत. विकून टाक म्हणतो. मला वाटतं, कॉम्प्युटर पुरा झाला तर हा पोरगा त्या खोलीतून बाहेर येईल. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड राहिलंय. माझ्याकडे दीड हजार दिरहॅम आहेत, म्हणजे आपले पस्तीस हजार. तेवढ्यात काय बसेल? ह्यांनी भाग घेतले त्या दुकानातल्या मरियमबींना विचारलं, तर त्यांनी भलतंच सांगितलं. म्हणे भाईसाहेबांनी घेतलेला लहान डबाच मोठ्यापेक्षा महाग होता, मदरबोर्डही त्याच्या मापाचा म्हणून महाग पडला. दादा, चहासुद्धा रुपयांत मोजून पिणारा माणूस असं का करेल? मला काही कळत नाही.

प्रकृतीला जपा. ह्यांच्यावर होती तशीच माया आम्हा दोघांवर राहू द्या.

तुमची,
शोभना

॥ श्री ॥

पारनाका, वसई
२ फेब्रुवारी २०२५

चि. शोभनास,
रघुवीरचे अनेक आशीर्वाद.

हाताला सवय अशी, की सुरुवातीला चि. सौ. लिहून गेलो. तो कागद फाडला. त्याऐवजी जे लिहायची पद्धत आहे ते माझ्या हातून लिहून व्हायचं नाही. तू माझ्यासाठी नुसती चि. शोभना.

आधी कामाचं. प्रोसेसर मधल्या श्रेणीतला, मागच्या पिढीचा घे. दुकानदार नवा गळ्यात मारायला बघेल, ऐकू नकोस. त्याच्याबरोबर पंखा मिळतो तो पुरे. उरलेले सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, खेळ त्याच्यावरच चालतो. पण कार्ड आखूडच घ्यायचं, दोन पंख्यांचं. तीन पंख्यांचं लांबलचक कार्ड त्या डब्यात जाणार नाही. मॉनिटर घेऊ नकोस, घरातल्या टीव्हीला जोडा. आणि आईने आणलेला कॉम्प्युटर म्हणून वेदांगने नाक मुरडलं, तर त्याला सांग, काकाकडे एक असा आहे की सुरू व्हायला लागला की चहा करून पिऊन होतो.

आता त्या डब्याचं. शोभना, हे तुला दत्तूनेच सांगायचं होतं. तो गणपतीला एकटा आला होता ना, तेव्हा माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टेप घेऊन आपली हातातली बॅग मोजत बसला होता. मी त्याची चेष्टा केली. तेव्हा त्याने सांगितलं की मार्चअखेर त्याचा हुद्दाच बंद होणार होता. दुसरं काही मिळालं नाही, तर तुम्हा दोघांना घेऊन कायमचा परत येणार होता. वेदांगची परीक्षा होईपर्यंत दोघांनाही कळू द्यायचं नव्हतं. अभ्यासावरून मन उडेल म्हणून मलाही गप्प राहायला सांगितलं.

तुमच्या शेजारचा देवांश तुला आठवत असेल. त्याच्या वडिलांची नोकरी गेली आणि त्याचा तो मोठा, दिव्यांचा कॉम्प्युटर एअरपोर्टला निघताना कुणा अनोळखी माणसाला विकावा लागला. तो खाली न्यायला दत्तूनेच हात लावला होता. पोरगा जिन्यात बसून रडत होता म्हणाला. दत्तूच्या मनात ते रुतून बसलं होतं. मला म्हणाला, दादा, माझ्या मुलाला काही मागे टाकून यायला लागू नये. विमानात हातातल्या बॅगेत सात किलो चालतात. त्याने प्रत्येक भाग वजन बघून निवडला, माप बघून निवडला. जास्तीचे पैसे गेले ते त्यात गेले. तुम्ही दिरहॅम मोजत होता आणि तो किलो.

हे पत्र वेदांगला वाचून दाखव. कधी दाखवायचं ते तू ठरव. मी आता कुणासाठी गप्प बसू?

तुझी जाऊ तुझी खोली झाडून ठेवते आहे. यायचं तेव्हा या, पण आमचा विसर पडू देऊ नका.

तुमचा,
दादा

॥ श्री ॥

अल मनखूल, दुबई
३० मार्च २०२५

ती. दादांना,
शोभनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळाल्यावर मी आठवडाभर ह्यांच्यावर चिडले होते. माझ्यापासून लपवलं म्हणून. वर्षानुवर्षं संसार केला, आणि एवढं ओझं एकट्याने वाहिलं. मग राग गेला आणि नुसतं रडू उरलं. मला तर सांगायचं होतं हो.

पत्र वेदांगला लगेच दाखवलं नाही. ह्यांनी परीक्षेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, म्हणून मीही थांबले. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी वाचून दाखवलं. देवांशच्या नावाला त्याने मान खाली घातली. पूर्ण झाल्यावर उठला, ह्यांचा बॅगा तोलायचा आकड्याचा काटा कपाटातून काढला आणि आत गेला. मी दाराशी उभी होते. पलंगाखालचे खोके काढून, पिशवीत घालून, एकेक तोलत होता.

मरियमबींकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी त्याला चांगलं, मोठं कार्ड दाखवलं, किंमतही कमी करून देत होत्या. ह्याने दोन्ही हातांवर घेऊन बघितलं आणि परत दिलं. हलकं, आखूड घेतलं. त्या हिंदीत म्हणाल्या, बेटा, यात गेम जरा हळू चालेल. ह्याने चालेल म्हणून सांगितलं. घरी येऊन सगळं एकट्याने जोडलं, पण सुरू मात्र करत नाही.

दादा, माझ्या एकटीच्या पगारात इथलं भाडं निघत नाही. आम्ही जूनमध्ये येतो. फ्रिज, पलंग, सोफा सगळं विकायला काढलंय. लोक येऊन हात लावून बघतात, भाव पाडतात. ह्यांची खुर्ची कुणी मागितली की मी विकली गेली म्हणून सांगते.

आम्ही येईपर्यंत आठवण काढत राहा.

तुमची,
शोभना

॥ श्री ॥

अल मनखूल, दुबई
५ जून २०२५

ती. मोठ्या काकांना,
वेदांगचा शि. सा. न.

सुरुवातीची ही अक्षरं आईने शिकवली. बाकीचं मी लिहितोय. चुका असतील. हे पत्र विल्फ्रेड अंकल आमच्या आधी आणतील.

तुमचं पत्र मी आईकडून मागून घेतलं. मराठी हळू वाचता येतं, म्हणून पुष्कळ वेळा वाचलं. मी बाबांना जे बोललो ते तुम्हाला माहीत आहे. मी त्या दिवशी पहाटे जागा होतो. त्यांनी दारावर टकटक केली होती. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं, काल सांगितलं.

घरात आता काही नाही. आवाज घुमतो. आज सकाळी मी बाबांची हातातली बॅग काढली, तीच, जी त्यांनी तुमच्या दुकानात मोजली होती. त्यांचा निळा स्वेटर खाली घातला आणि त्यावर कॉम्प्युटर ठेवला. मी त्यांना म्हणालो होतो की डबा खूप लहान आहे. काका, तो बरोब्बर बसला. चारी बाजूंना बोट जाईल एवढीच जागा राहिली. चेन लागली. काट्याला लावलं, तर सात किलोंच्या आत.

मला इतका आनंद झाला की मी बाबांना हाक मारली. मोठ्याने. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग आम्ही दोघं जमिनीवर बॅगेपाशी बसून रडलो.

कॉम्प्युटर मी अजून सुरू केलेला नाही. तुमच्याकडे आल्यावर करूया. वायर तुम्ही लावा, बटण मी दाबतो.

माझ्यावर रागावू नका, जवळ घ्या.

तुमचा,
वेदांग