कम्प्युटरला कुंकू

दसरा, संध्याकाळ.

सोनं द्यायला मुलुंडला भावाकडे गेले आणि डोकं फिरवून घेऊन आले. त्याची पोर प्रणाली सकाळपासून घरातला कम्प्युटर पुसत होती. झेंडूचा हार, हळद, कुंकू, सगळं तिनेच केलं. मी विचारलं, "बारावीनंतर काय गं?"

"आत्या, कम्प्युटर इंजिनीअरिंग."

भाऊ फिदीफिदी हसला. "मुलींना त्यात गोडी नसते गं ताई. हिने कधी हात तरी लावलाय का त्याला?"

कुंकू मग कोणी लावलं, तुझ्या बापाने?

खुर्ची भावाच्या पोराची, पासवर्डही त्यालाच ठाऊक. पोरगी जरा टेकली की, "ऊठ, बिघडवशील." आणि वर म्हणे गोडी नाही! मी सातवीत शाळा सोडलेली बाई. मला कळतं ते या ऑफिसर भावाला कळत नाही? की कळून घ्यायचंच नाही?

पोरगा मित्रांकडे गेलेला. तिथेच फोन लावला. "पासवर्ड सांग."

"कशाला आत्या? ती बिघडवेल."

"बिघडवू दे. दुरुस्त करायला तरी शिकेल. तू काय पोटातून शिकून आलास?"

सांगितला मेल्याने. भाऊ तोंड फुगवून आत गेला. बस म्हटलं आतच.

प्रणाली खुर्चीत बसली आणि आधी काय केलं, तर बटणांवरचं कुंकू पुसलं. स्वतःच लावलेलं. मग पासवर्ड टाकला.

पुढच्या दसऱ्याला कुंकू भाऊ लावेल. दाराबाहेरून ओरडून सांगून आलेय.