शीळफाट्याची उतारू

४ ऑक्टोबर १९५४
आलो बुवा एकदाचे ठाण्यात! टेंभी नाक्यावर दोन खोल्या मिळाल्या, त्याही नळासकट. वासंती खूश. आमची चित्रा रांगून रांगून गुडघे काळे करून बसलीय, अजून बोलत मात्र नाही. उद्यापासून कल्याण रस्त्याचा ओव्हरसियर. जाणं-येणं बसनेच, म्हणजे रस्त्याची तब्येत कळेल.

७ ऑक्टोबर
रस्ता कसला, चाळण! मुंब्र्यापुढे डांबर नावालाच, मोऱ्या तुंबलेल्या. वर परतीच्या बसचं हे खूळ. शीळफाट्याला चिटपाखरू नसताना थांबते, कंडक्टर महिपत रिकाम्या रस्त्याला म्हणतो, बसा बाई. पुढचं बाकडं सगळे मोकळं सोडतात. कळव्याला पुन्हा थांबून म्हणतो, उतरा बाई, दवाखाना आला. शिकलेलेही गप्प. धन्य आहे!

१२ ऑक्टोबर
बसमधल्या रोजच्या मंदाकिनीबाई, शाळेत शिकवतात, त्यांना विचारलं. खडी फोडणारी गोदा तापलेलं पोर घेऊन शीळला उभी होती म्हणे, बस थांबलीच नाही. पोर तिथंच गेलं, ती पुढच्या बसखाली. कळव्याला उतरवलं नाही, तर पोर शोधत कुणाच्याही मागे जाईल. बाई बी.ए. आहेत! बसच्या मालकाकडे जाऊन खडसावलं, हे बसा बाई-उतरा बाई बंद. सरकारी माणूस बघून त्याची टरकली.

१५ ऑक्टोबर
शीळला ड्रायव्हरनं सवयीनं थांबवलीच. कळव्याला मात्र महिपत गप्प. मजा वाटली, खोटं कशाला लिहू? मी पुढच्या बाकड्यावर ऐसपैस बसलो. शेजारची जागा कढत होती. इंजिनाची धग असणार.

१६ ऑक्टोबर
वासंती विचारते, काल तुमच्यामागून आलेली बाई कोण? जिन्यात उभी आहे म्हणते.
मला तर कुणीच दिसत नाही.

१८ ऑक्टोबर
जिन्यात हात जोडले. उतरा बाई, चुकलं माझं — शेजारी हसले. हसा लेको. ती गेली नाही. वासंतीला म्हटलं, चित्राला घेऊन माहेरी जा. ऐकेल तर शपथ.

१९ ऑक्टोबर, दुपार
वासंतीनं तिला घरात घेतलं. बाईमाणूस किती वेळ ताटकळणार, म्हणे. आणि चित्राला दिलं — तिच्या कडेवर —
चित्रा अधांतरी आहे. जमिनीपासून कमरेइतकी वर. अंग लालबुंद. मी पुढे झालो की ती मागे सरकते, दाराकडे. म्हणून हलत नाही. लिहितोय, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून —
बोलली. चित्रा पहिल्यांदाच बोलली. आई म्हणाली. वासंतीकडे पाठ करून, वर बघत —
आता वासंतीलाही कळलं. अगं ओरडू नकोस, ती दार —