राजीनामा नामंजूर

रविवारी सकाळी सडा झाला, भाकरी झाल्या, डब्यात वांग्याची भाजी भरली आणि झाकण दाबताना मागे पाहिलं तर खुशी रडत उभी. पण नमस्कार राहिलाच. ती. पार्बताबाई आक्कांना भावजय चंदाचा नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील. (नसले तर इतक्यात कळवू नका, माझ्याकडे काळजीला सध्या जागा नाही.) फोनवर हे माझ्याच्याने बोलवलं नसतं, म्हणून पत्र.

तर खुशी म्हणाली, "आई, मी कॉलेज सोडून राहिली." तुमच्याकडे राहून पोरीचं एमबीएचं दीड वर्ष झालं, तेही एचआर घेऊन. (एचआर म्हणजे माणसं सांभाळायचं शिक्षण, असं मी शेजारच्या बिस्मिल्लाबीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्याले कॉलेज कायले लागते? आपुन बिनफीचं करून राहिलो.")

मी ओरडणारच होते. पण सुट्टीत मी तिची पुस्तकं वाचते. सातवीनंतर माझी शाळा तीच. त्यात लिहिलंय, माणूस सोडून निघाला की भांडू नये, शांतपणे मुलाखत घ्यावी, कारण लिहून घ्यावं. मी चष्मा लावला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि तिला खुर्ची दिली. ती रडता रडता हसली.

"सोडण्याचं कारण?"

"तू."

"वरिष्ठांशी संबंध?"

"वरिष्ठ आयकत नाही."

"तुम्हाला थांबवण्यासाठी काय करता आलं असतं?"

तिने डब्याकडे बोट केलं. "बाबाले जाऊन चौदा महिने झाले. तू आजून रोज त्याह्यचा डबा भरून राहिली. कोनासाठी? तुले असं एकटं टाकून मी दुसऱ्याची मानसं सांभाळू?"

यापुढे काय विचारायचं, ते पुस्तकात नाही. (दुपारी तो डबा मीच खाते, आक्का. वाया जात नाही.) मी लिहिलं : कारण योग्य, राजीनामा नामंजूर. खाली सही केली. मग तोच भरलेला डबा तिच्या हातात दिला आणि तिला अमरावतीच्या एसटीत बसवलं.

घरातल्या लहानांना आशीर्वाद. मोठ्यांत आता तुम्हीच उरलात.

तुमची,
चंदा

ता.क. तुमच्या भावाचा तो डबा घासून तुमच्याकडेच ठेवा. मी मागेन, शपथ घालीन. देऊ नका.

ता.क. आणखी एक. दुसऱ्या दिवशी मी एकच भाकरी केली आणि तव्यावरून उतरताच गरम खाल्ली.