मापातलं पांघरूण

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तू बोलायच्या आधी रडतेस आणि मी रडायच्या आधी फोन ठेवतो, म्हणून पत्र. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तुझा उजवा हात तसाच आहे, असं सूनबाईने कळवलं. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तू खिडकीबाहेर फेकलास, हेही कळवलं. फेकलास डाव्या हाताने, नाहीतर पेढ्यांइतकी गोड बातमी होती.

इकडे ही गेली आणि माझ्या गळ्यात एक उंदीर बांधून गेली. उंदीर म्हटलेलं तिला खपत नसे, हॅमस्टर म्हणायचं. शेवटी शेवटी तिला झोप लागेना. घरात आपल्यासोबत जागं कुणीतरी हवं, म्हणून आणवला. मी घोरतो, त्यामुळे त्या जागेसाठी माझा विचार झाला नाही. तेव्हा मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता या घरात श्वास घेणारे आम्ही दोघंच, तेव्हा ओळख करून घेणं आलं.

तिने त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली ते उगाच नाही. वाटीत दाणे टाकले की दोन्ही गालांत कोंबतो, कोपऱ्यात नेऊन पुरतो आणि काही मिळालंच नाही अशा चेहऱ्याने परत येतो. मी त्याला आंघोळ घालायला निघालो होतो. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वेळेवर अडवलं. पाण्याने हे गारठून मरतात, बारीक वाळू ठेवा, त्यात लोळून ते स्वच्छ होतात, म्हणाल्या. दात वाढत राहतात म्हणून कुरतडायला दुकानातली जुनी लाकडी रिळं दिली आहेत. पळायचं चाक कुरकुरतं, त्याला शिलाई मशीनचं तेल घातलं तरी कुरकुरतं. मला त्या आवाजात झोप लागते, हे कुणाला सांगू नकोस.

थंडी वाढली आहे आणि तो भुशात गोळा होऊन बसतो. तू धड असतीस तर काहीतरी विणून मागितलं असतं.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढला तर नको म्हणणार नाही.
तुझा धाकटा


२५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोलते मी, लिहिते सूनबाई. मधेच एखादं वाक्य सभ्य वाटलं तर ते तिचं समज.

तुझ्या पत्रातलं 'धड असतीस तर' तिने वाचताना गिळलं. आवंढा दिसला, म्हणून मी कागद ओढून घेतला. तर ऐक, धड नसले तरी मेलेली नाही. आणि शिंपी असून मापाशिवाय काम सांगतोस, लाज वाटत नाही? शेठचं माप पाठव. शेठच्या दाण्यापाण्यावर पत्र भरून लिहिलंस, स्वतःच्या जेवणावर एक अक्षर नाही. भावजय जायच्या आधी मला म्हणाली होती, की यांना भूक लागली हेही मीच सांगते, माझ्यामागे कोण सांगणार? तर मी सांगते. जेव.

तुझी ताई

ता. क. मामा, पत्र बंद करता करता आईंनी सुया कुठे ठेवल्यात म्हणून विचारलं. मी नुसत्या आणून समोर ठेवल्या. - सूनबाई


४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माप घेताना शेठ उभे राहत नाहीत, आणि टेप पुढे केला की तोच गालात भरू पाहतात. लांबी चार बोटं धर. घेर जेवणाआधी वेगळा आणि नंतर वेगळा, त्यामुळे सैल ठेव. रंग तुझ्या मर्जीचा, गिऱ्हाईक कुरकुर करणार नाही. ते काम चाकाकडे आहे.

मी जेवतो. तो वाटीपाशी येतो तेव्हा मीही ताट घेतो, एवढं पुरे.

तुझा धाकटा


६ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सोबत पांघरूण. किती वेळा उसवलं ते सूनबाईला विचारू नकोस, ती खरं सांगेल. डाव्या हाताने सुई धरली आणि उजव्याला फक्त लोकर सांभाळायला लावली. आधी नुसता बघत बसला, मग लाजेकाजेने कामाला लागला. अगदी तुमच्या भाओजींसारखा. कडेला शेवटची गाठ बसली नाही, बोटात तेवढा जोर नाही. तिथे एक टोक लोंबतं आहे. तुझी खोड मला ठाऊक आहे. ते कापू नकोस, सगळं उसवेल.

तुझी ताई


२२ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र ताईला वाचून दाखवू नकोस. विचारलं तर दुकानाचं काहीतरी आहे म्हण.

शेठ गेला. पांघरूण त्याला फार आवडलं होतं. ओढत आपल्या घरट्यात नेलं आणि त्याच्याखालीच झोपायचा. कडेचा तो लोंबता धागा त्याच्या मागच्या पायात गुंतला. त्याने ओढला तसा आवळत गेला. मी दुकानात होतो. आलो तोवर पाय सुजून काळा पडला होता. काजाच्या बारीक कात्रीने धागा कापला आणि त्याला सदऱ्याच्या आत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लोकर, कापूस, सुटे धागे यांना कधी द्यायचे नसतात, मऊ कागदाचे तुकडे द्यायचे, म्हणाल्या. वाळूचं विचारलं होतं, दातांचं विचारलं होतं, धाग्याचं तेवढं विचारलं नव्हतं. धाग्यातलं शिंप्याला कोण काय शिकवणार, अशी माझी मिजास.

त्यानंतर तो माझ्या हातावरच होता. शेवटी गालातला सगळा साठा त्याने एकेक करून माझ्या तळहातावर काढून ठेवला. शेठ लोक असं करत नाहीत. हिच्या खिडकीतल्या कुंडीत त्याला पुरला, पांघरुणासकट.

लोकांच्या अंगावरचा लोंबता धागा मी रस्त्यात थांबवून कापत आलो. माणसं हसतात. हा एकच ठेवला, कारण तो ताईच्या हातचा होता.

तिला काय सांगू ते कळव.

मामा


२९ जानेवारी

ती. मामांस,
सा. न.

पत्र वाचून स्वयंपाकघरात जाऊन बसले. मामा, त्यांना काही सांगू नका. काल त्यांनी स्वतःच्या पोलक्याचं बटण स्वतः लावलं. लावून झाल्यावर मला हाक मारून दाखवलं, आणि पुन्हा काढून पुन्हा लावलं. डॉक्टर म्हणतात, हात परत येतो आहे तो त्या सुयांमुळे, त्या सुटू देऊ नका. आणि त्यांनी तर शेठसाठी दुसरं विणायला घेतलंसुद्धा.

तुम्हाला जड जाईल. पण मला दुसरं सुचत नाही.

तुमची सूनबाई


१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं दुसरं पांघरूण पोचलं, तिसरंही पोचलं. शेठ मजेत आहेत. हल्ली दाणे पुरत नाहीत, समोर बसून सभ्यपणे खातात. मी आलो की पेटीच्या दाराशी येतात. चाकाची कुरकुरही थांबली. हिने पाहिलं असतं तर म्हणाली असती, हाही तुमच्यासारखाच गुणी निघाला.

तुझ्या विणीत आता टाके सारखे पडतात. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, तोंडदेखलं नाही.

तुझा धाकटा


१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालच्या टपालाने निळं पांघरूण आलं. शेठना अगदी मापात बसलं. असंच पाठवत जा.

तुझा धाकटा


२ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचं आहे. ओळी डोंगर चढल्यासारख्या वर जातात, पण जातात. दमले की सुई धरते आणि पुन्हा लिहायला बसते, त्यामुळे दोन दिवस लागले तर आश्चर्य मानू नकोस.

निळं पांघरूण मी मुद्दाम मोठं विणलं होतं. त्यात मांजर गुंडाळता येईल, पिलांसकट. तू लिहिलंस, शेठना अगदी मापात बसलं. गिऱ्हाइकाचा एक खांदा अर्ध्या बोटाने उतरता असला तर ज्याला दुकानात शिरतानाच दिसतं, त्या माणसाचं हे वाक्य.

मुद्दाम का विणलं, तर तुझ्या पत्रांतला शेठ फार गुणी झाला होता. पसारा करत नाही, कुरकुरत नाही, वाट बघतो. जिवंत जनावर एवढं चांगलं वागत नसतं. असं आपण गेलेल्यांबद्दलच लिहितो. बायकोबद्दलही तू हल्ली असंच लिहितोस. माझ्या भावजयीला चांगली जीभ होती रे, तिला इतकी गोड करून टाकू नकोस.

तुझं 'मापात' वाचलं आणि सुया खाली ठेवल्या. मग पुन्हा उचलल्या. मी विणायची थांबले तर तू लिहायचा थांबशील, आणि लिहायचा थांबलास तर त्या घरात तू काय करतोस हे मला कळायचं नाही. सूनबाईला काही विचारलं नाही. तिला खोटं बोलता येत नाही, उगाच भांडी आपटते. तो कसा गेला हे तुलाही विचारत नाही. कळवू नकोस.

आता पांघरुणं पुरेत. तुझ्यासाठी स्वेटर विणायला घ्यायचा आहे. रंग बघायला एक तुकडा सोबत पाठवते. टोकं सगळी कापून आत शिवून टाकली आहेत. खिडकीपाशी उजेडात धरून दोनदा पाहिलं, एकही लोंबत नाही.

स्वतःचं माप पाठव. खरं पाठव.

तुझी ताई


१० मे

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुकडा मिळाला. रंग चालेल.

पेटी धुऊन उन्हात ठेवली. चाक काढून खिडकीत, कुंडीशेजारी टांगलं आहे. वारा आला की कुरकुरतं. ते कधीच थांबलं नव्हतं.

छाती छत्तीस. अडतीस होती, ती शिवणीत दाबली गेली असं समज. बाही पूर्वीचीच. खांद्याचं माप मात्र स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. टेपचं दुसरं टोक आजवर ही धरायची. तुझ्या उजव्या हातात आता टोक धरण्यापुरता जोर आला असेल, तर दुकान बंद करून ते द्यायला येतो. टेप माझा आणतो. तुमच्या घरातल्या टेपवर माझा भरवसा नाही.

जेवण करून निघेन, पण तिथे पोचल्यावर पुन्हा वाढ.

लोभ आहेच, आता भेटीत असू दे.
तुझा धाकटा