बिनब्रेकचा भाचा

प्रिय सेप्टिमसदादास, धाकट्या एडनाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीच्या कोंबड्या अंडी घालतात का? (इथे रेशनवर आठवड्याला एक मिळतं, तेही दुकानदाराची मर्जी असली तर.) मी खुशाल आहे असं लिहिणार होते, पण शनिवारी काय झालं ते आधी ऐक.

माझा विल्फ गिरणी सोडून मोटारसायकलच्या शर्यती खेळतो, हे तुला ठाऊकच आहे. राखेच्या गोल वाटेवर चार फेऱ्या मारून निघाले तिथेच परत यायचं, आणि ते पाहायला लोक रांगा लावतात. असो म्हटलं, लढाईतून धड परतलेल्या पोराला काय बोलायचं? पण गेल्या आठवड्यात खाटकाच्या रांगेत शेजारीण सहज म्हणाली, की त्या गाड्यांना ब्रेकच नसतात. दादा, माझ्या हातातली पिशवी गळून पडली. तू जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात ब्रेकवर हात ठेवून बसलास, आणि तुझा भाचा बिनब्रेकचा! मला वाटलं, काटकसर म्हणून बसवला नसेल. (बापावर गेलाय.) म्हणून शनिवारी सकाळी तो झोपलेला असताना सायकल दुरुस्त करणाऱ्या ओग्डेनला बोलावलं, आठवड्याच्या रेशनचं सगळं बेकन त्याला देऊन पुढच्या चाकाला चांगला ब्रेक बसवून घेतला आणि वर ताडपत्री होती तशी घातली. पोराला तेवढाच अचानक आनंद.

माझा ब्रेक कसा चालतो ते पाहायला मी त्या दिवशी पहिल्यांदाच मैदानावर गेले. विल्फला मुख्य संघात घ्यायचं की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. शर्यतीआधी गाड्या तपासतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तपासनीस ब्रेककडे पाहून टोपी काढून उभाच राहिला. सगळे खेळाडू गोळा झाले. विल्फ कानापर्यंत लाल. संघाचे व्यवस्थापक हॅरोप माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, वळणावर पुढच्याने ब्रेक दाबला, तर मागचे तिघे त्याच्या पाठीवर चढतात. म्हणून कुणालाच नसतो."

पोराला वाचवायला निघालेली मी, त्याचा मुडदा पाडायची सोय करून बसले होते.

ब्रेक काढला आणि विल्फ शर्यतीत उतरला. डाव्या पायात लोखंडी तळाचा बूट, तो राखेत रुतवून गाडी आडवीच घालतात रे! मी डोळे घट्ट मिटले होते. (राख तोंडात गेली तेव्हा उघडले.) तो पहिला आला. हॅरोपनी तिथेच संघात जागा देऊ केली, तर हा म्हणाला, "आईला विचारून सांगतो." तेव्हापासून रोज समोर बसून मुकाट्याने जेवतो, पण विचारत नाही. मीही विषय काढत नाही. तू मामा आहेस. ये, त्याचा कान उपट आणि गिरणीत परत धाड.

तुझी भेदरलेली,
एडना

ता. क. शनिवारी येऊ नकोस. मी घरी नसेन.

ता. क. आणखी एक. कान उपटू नकोस. मी नाही म्हटलं तर तो खरंच थांबेल, आणि जन्मात एकदाही बोलून दाखवणार नाही. तेच मला सोसणार नाही. पण माझ्या तोंडून 'हो' काही निघत नाही. तू येऊन माझ्यादेखत त्याला हो म्हण. मी भांडेन, रडेन, तुला घालवून देईन. ऐकू नकोस.