डोक्यावर ठेवलेला हात

४ एप्रिल

चि. बेडकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लेकीचा फोन आला तेव्हा मी तलावावर पोरांना पाय मारायला शिकवत होते. हृदय कमजोर झालं, फुप्फुसांत पाणी साठलं, पाय सुजले, म्हणून तुला वॉर्डात ठेवलं आहे हे कळलं. फोनवर तुला दम लागतो, म्हणून पत्र. तूही लिही. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, चार ओळींनी हात झिजणार नाही.

पाणी मोजून देतील तेवढंच प्यायचं. सकाळी वजन करायला येतात त्या नर्सबाईंशी हुज्जत घालायची नाही. उन्हाळी वर्ग संपले की मी येते. तोवर मन घट्ट ठेव. आपल्या घरात कुणी हातपाय गाळून बसलेलं नाही, तू सुरुवात करू नकोस.

लोभ आहे; धाकात राहून तो वाढव.
तुझी ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्या आज्ञा पाळतो आहे. वजनही उतरतं आहे.

दुपारी पडदे ओढले की इथला सगळा वॉर्ड हिरवा होतो, थेट तुझ्या तलावाच्या तळासारखा. पलंगांचे पाय दिसेनासे होतात. समोरचे मास्तर, पलीकडचे शिंपी, एकेक जण अलगद तरंगायला लागतो. सलाइनच्या नळ्या शेवाळासारख्या हलतात. नर्सबाई चालत नाहीत, वाहत येतात. मी मात्र तीन उशांना टेकून काठावरच. सपाट झोपलं की पाणी गळ्याशी येतं असं वाटतं, म्हणून मी नुसता बघत बसतो. छान दिसतं.

माझे ब्रश एका मित्राला देऊन टाकले. चष्म्याच्या दुकानाची पाटी अर्धी राहिली आहे, ती तो पुरी करील. पसारा आवरलेला बरा. तू वर्ग सोडून येऊ नकोस. डोक्यावर हात आहे.

लोभ पुष्कळ केलास, आणखी काय मागू?
तुझा बेडूक

१२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

बाबांच्या पत्रावर जाऊ नकोस. हे मी त्यांना न सांगता लिहिते आहे.

काल डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं की झोप लागते का, भीती वाटते का, सगळ्यातूनच मन उडालं आहे का. बाबांनी हसून डोक्यावर हात ठेवला. बाईंनी डोकेदुखीची गोळी लिहून दिली! मग मला सांगावं लागलं की माझी आत्या पोहायला शिकवते. पाण्यातून वर आल्यावर डोक्यावर तळहात ठेवला की मी ठीक आहे असा अर्थ, आणि आमच्या घरात जेवलास का या प्रश्नालाही हेच उत्तर असतं. बाईंनी हसून गोळी खोडली. मग म्हणाल्या की तुमचे बाबा ठीक नाहीत. हृदय असं थकलं की पुष्कळांचं मनही खचतं. तो दुबळेपणा नव्हे, आजारच आहे, आणि त्यावर उपचार आहेत. पण त्यांनी तोंड तर उघडायला हवं.

ते उघडत नाहीत. ताट तसंच परत जातं. डोळा लागला तर हृदय थांबेल म्हणून टक्क जागे राहतात. व्हरांड्यात चालवायला येणाऱ्या बाईंना आता कशाला म्हणून परत पाठवतात. आज मला म्हणाले की गोळ्या बंद करून घरी घेऊन चल. गोळ्या बंद केल्या तर काय होईल, ते बाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे.

तुझं ऐकतील. निदान रागावून तरी बघ.
लोभाची नाही, धावून येण्याची विनंती.
तुझी भाची

१५ एप्रिल

चि. बेडकास,
आशीर्वाद.

रागावणार नाही. तुझं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा मला ते वर्णन आवडलं होतं, ब्रश दिलेस हे वाचूनही मी पुढे गेले होते. तलावावर मी असं कधी करत नाही. बोंबलणाऱ्या पोराकडे मी सावकाश जाते, कारण बोंबलायला त्याच्याकडे श्वास असतो. गप्प झालेल्याकडे उडी मारते. तू गप्प झाला आहेस, तेही सुंदर अक्षरात.

तोंड बघितल्याशिवाय डोक्यावरचा हात मी मानत नाही. वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवले. शनिवारी पोचते. तोवर दुसरा इशारा आठव: एक हात सरळ वर, म्हणजे मदत हवी. माझ्याकडच्या किती पोरांनी तो केला, मी एकालाही हसले नाही. डॉक्टरीणबाई येतील तेव्हा कर. हुकूम समज. नको, विनंती समज. आणि मन घट्ट ठेव असं लिहिलं होतं, ते खोड.

तुझी ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लेक तुला स्टेशनवरच देईल. तुझ्यासमोर सांगायला जीभ रेटणार नाही.

तुझ्या पोहण्याच्या वर्गात मी एक हात कधी वर केला नाही, कारण मी शिकवणाऱ्या बाईंचा भाऊ होतो. बाईंचा भाऊ बुडत नसतो. आज केला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, मी शाळेतल्यासारखी परवानगी मागतो आहे. त्यांनी बोला म्हटलं, आणि ताई, मी बोललो. झोपेची भीती सांगितली. जगायचा कंटाळा आला आहे हेही सांगितलं. त्या पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिल्या. मनाच्या डॉक्टरांना बोलावलं आहे. गोळ्या घेईन म्हणालो. त्यांनी किती दिवस ते विचारलं. ताई येईपर्यंत तरी, म्हणालो. सध्या एवढंच जमतं आहे.

लोभ असू दे, मला तो लागणार आहे.
तुझा बेडूक

१९ एप्रिल, दुपार

चि. बेडकास,

मी आले, तर तू झोपलेला. उठवलं नाही; नर्सबाईंनी उठवू नका म्हणून मलाच दटावलं. म्हणून तुझ्या उशाशी बसून हे लिहिते आहे.

येताना चष्म्याच्या दुकानावरून आले. अर्ध्या पाटीखाली त्या माणसाचा धंदा उत्तम चालला आहे. तुझ्या मित्राकडून ब्रश परत आणले, पलंगाखालच्या पिशवीत आहेत. घाई नाही.

पडदे ओढलेले आहेत. खरंच हिरवं होतं रे सगळं. मास्तर तरंगायला लागले आहेत, आणि तूही. एक उशी घरंगळून खाली पडली, तरी तुला पत्ता नाही. तुझा हात डोक्यावर नाही, वरही नाही. छातीवरच्या चादरीवर उघडा पडला आहे, आणि श्वासाबरोबर थोडा वर येतो, थोडा खाली जातो.

हा इशारा मी शिकवलेला नाही. पण कळला.

मी काठावर आहे.
ताई