दोन सैल टाके

प्रिय माऊ,

काल फोन आपटलास, आणि आपटण्यात अगदी माझ्यावर गेली आहेस! ‘जगभरच्या पोरांची हृदयं शिवलीस आणि सख्ख्या नातीला नाही म्हणतेस?’ हे तुझं बोलणं फार लागलं गं. छकुलीच्या हृदयातलं भोक मंगळवारी बुजवायचंय. तुझा हट्ट, मीच बुजवावं; माझं म्हणणं, चष्माकाकांनी. समोर बोलले तर पुन्हा भांडण, म्हणून लिहितेय.

मी सुरुवात केली तेव्हा इथे लहान मुलांचं हृदय कोणी उघडत नव्हतं. एक बडे सर्जन तोंडावर म्हणाले, बाईमाणसाला शिवणकाम शोभतं. म्हटलं, बरं, शिवणच करते! रिकाम्या काड्यापेटीत चिंधी ठेवून चिमट्यानं टाके घालत बसायची. तुझे बाबा म्हणायचे, या घरात काडी शोधावी तर दोरा सापडतो. पहिलं पोर जगलं आणि मग दाराशी आयांची रांगच लागली. माझा नियम एकच होता: ऑपरेशनआधी पोराशी खेळायचं नाही. गोष्टी सांगायला माझे मदतनीस सर्जन, तुझे चष्माकाका, होते. मी फक्त रिपोर्ट बघायची. लोक मला दगड म्हणायचे. म्हणेनात का.

मग तू चार वर्षांची असताना तुझ्यावरच ती वेळ आली. हे करणारं दुसरं होतं कोण? मी केलं. पेपरात फोटो आला, तुझी आजी येईल-जाईल त्याला सांगत सुटली की लेकीला आईनंच वाचवलं. तूही छातीवरचा वण दाखवत मैत्रिणींना तेच सांगायचीस, आणि मी ऐकून घ्यायची.

माऊ, ते खरं नाही. हजार पोरांना घातले तसे टाके मला तुला घालता आले नाहीत. दोरा ओढताना वाटलं, दुखेल हिला. भूल दिलेल्या पोरीला दुखेल! कुठल्या शिकाऊ डॉक्टरनंही केली नसती अशी चूक. दोन टाके सैल राहिले. तासाभरात छातीत ठेवलेल्या नळीतून रक्त यायला लागलं, थांबेचना. मी भिंतीला टेकून नुसती उभी. चष्माकाकांनी पुन्हा छाती उघडली, टाके आवळले आणि तुला परत आणलं. आजवर त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि मीही नाही. मला लाज वाटत होती.

छकुली माझ्या मांडीवर झोपते, माझं नाक ओढते. तिला मी घट्ट टाके घालू शकणार नाही. म्हणून मंगळवारी मी बाहेर, बाकावर, तुझ्याशेजारी बसेन. ‘बसून राहा, सगळं ठीक होईल,’ असं आयुष्यभर आयांना सांगत आले. स्वतः एकदाही बसले नाही. मला नाही जमायचं गं ते. उठून आत जायला लागले तर हात धरून खाली बसव. फार घाबरलेय मी. रागावलेली असलीस तरी माझ्याजवळ बस, एवढंच मागायला हे पत्र.

तुझीच, भित्री
आई